साथ कोण करणार?

हल्ली ऑर्डरसाठी फोन आला की तारीख, कार्यालय आणि जेवणाची वेळ सांगून झाल्यावर हमखास विचारणा होते, "कराओके आहे ना तुमच्याकडे?" कराओके म्हणजे तयार साथीचा ट्रॅक लावायचा आणि पडद्यावरचे शब्द वाचत आपण गायचं. विचारणारा बहुधा तिशी ओलांडलेला असतो. वरात ठरवायला आलेली पोरं हे विचारत नाहीत. त्यांना बेस आणि टॉपचे स्पीकर किती, शार्पी म्हणजे झोताचे फिरते लाइट किती, एवढंच हवं असतं. कराओके मागतात ते वडिलांची एकसष्टी करायला निघालेले मुलगे, ऑफिसातल्या कुणाच्या निवृत्तीचा समारंभ ठरवणारे सहकारी, नाहीतर दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर अंगावर घेतलेला एखादा वर्गमित्र.

कराडात आमचा साउंडचा धंदा आहे. आमच्या भागात डीजेला डॉल्बीच म्हणतात. टेम्पो घरचा, जनरेटर भाड्याचा, लॅपटॉपवर मी किंवा माझा भाचा. त्याचं म्हणणं सरळ आहे. "मामा, आपल्याकडे सगळं आहेच की. लॅपटॉप आहे, टीव्ही आहे, माइक आहेत. नुसतं हो म्हणायचं." सामानाच्या यादीपुरतं बघितलं तर पोराचं चुकत नाही. तरी मी बरेच महिने हो म्हटलं नाही. का म्हटलं नाही आणि शेवटी काय ठरवलं, ते सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण आसपासच्या गावांतले साउंडवाले मित्रही याच विचारात आहेत.

डॉल्बीच्या धंद्याचं भवितव्य काय, हा विचार आधी करावा लागतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर बंद. सणासुदीसाठी राज्य सरकारने वर्षाकाठी फार तर पंधरा दिवस जाहीर करायचे, त्या दिवशी बारापर्यंत सवलत. निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. डबल अठराचे, म्हणजे अठरा इंची दोन-दोन स्पीकरचे बेस जवळ उभं राहून मोजले तर शंभरी सहज ओलांडतात. म्हणजे नियम पाळून वरात वाजवायची तर ज्या आवाजासाठी गिऱ्हाईक पैसे मोजतं, तो आवाज द्यायचाच नाही. मला ही बंधनं मनापासून पटतात. मिरवणूक ज्या गल्लीतून जाते तिथे बाळंतीण असते, हृदयाचा पेशंट असतो, दुसऱ्या दिवशी पेपर असलेली मुलं असतात. पण पटतात म्हणून कर्जाचा हप्ता थांबत नाही. उघड्यावरचं काम आक्रसत जाणार आणि बंद सभागृहातलं काम वाढत जाणार हे मला स्पष्ट दिसतंय. सभागृहाच्या आत, आतल्यांपुरता आवाज ठेवून रात्रीही कार्यक्रम करता येतो, तशी नियमात मुभा आहे. आणि आतल्या कार्यक्रमात माणसांना नाचायचं असतंच असं नाही. गायचं मात्र असतं.

गाण्याची ही हौस किती खोल आहे ते मी जवळून पाहतोय. गेल्या काही वर्षांत पुण्यासारख्या शहरापासून आमच्यासारख्या तालुक्याच्या गावापर्यंत हौशी गायकांचे ग्रुप झालेत. कुणी निवृत्त बँकवाले, कुणी डॉक्टर, कुणी एसटीतून निवृत्त झालेले. महिन्यातून एकदा छोटा हॉल घेतात, वर्गणी काढतात, आपापला ट्रॅक पेनड्राइव्हवर घेऊन येतात. कितीतरी जणांच्या हातात डायरी असते. त्यात स्वतःच्या अक्षरात उतरवलेली गाणी, ओळीच्या वर श्वास घ्यायच्या जागी बारीक उभी रेघ, आणि कोपऱ्यात 'काळी एक' किंवा 'पांढरी पाच' अशी पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुरापासून गायचं ते, लिहिलेली. आयुष्यभर घर-संसार सांभाळताना जे राहून गेलं ते या लोकांनी साठीत हातात घेतलंय. त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे, आणि म्हणूनच 'नुसतं हो म्हणायला' माझं मन धजत नव्हतं.

डॉल्बीवर आमची कसोटी एकच असते: फ्लोअर रिकामा पडू द्यायचा नाही. एक गाणं संपायच्या आत दुसऱ्याचा ठेका सुरू झाला पाहिजे, वेग हळूहळू चढत गेला पाहिजे, दम खायला थांबलेला माणूस परत आत ओढला गेला पाहिजे. तिथे चांगलं वाईट जे काही होतं ते आमच्या हातात असतं. कराओकेत दर पाच मिनिटांनी सगळं थांबतं. माणूस खुर्चीतून उठणार, चष्मा शोधणार, "मी काही गायक नाही" असं सांगणार, मागून टाळ्या, मग ट्रॅक. तासाला दहा गाणी झाली तर डोक्यावरून पाणी. तीन तासांत तीस जण गातील, आणि गेट-टुगेदरमध्ये सव्वाशे माणसं आली तर नावं देणारे तीसहून जास्त निघतात. कुणाला थांबवायचं, कुणाचं एकच कडवं घ्यायचं, हे कुणीतरी गोडीनं सांभाळावं लागतं. त्यात घड्याळाचा काटा पुढे सरकत असतो. कराओके लांबलं की नाचाचा वेळ गेला, आणि नाचासाठी थांबलेली तरुण मंडळी तोवर पार्किंगमध्ये जाऊन बसली. एकाच संध्याकाळी दोन्ही हवं असेल तर गाणं आधी, जेवणाच्या पंगती उठेपर्यंत, आणि नाच नंतर. एकदा नाच सुरू झाला की परत गाण्याकडे वळता येत नाही. ज्यांनी हे उलटसुलट करून पाहिलंय त्यांना विचारा.

सामानाचंही तसंच. आमच्याकडचे माइक निवेदकासाठी आहेत. 'आता नवरदेवाचं आगमन होत आहे' एवढं स्वच्छ ऐकू आलं की काम झालं. गाणाऱ्याच्या हातातला माइक वेगळा वागतो. असा माइक समोरचा आवाज घेतो आणि मागचा टाळतो, ती त्याची बांधणीच असते. हौशी माणूस टीव्हीवर बघितल्यासारखं जाळीच मुठीत धरतो. जाळी झाकली की मागचा आवाज टाळायची त्याची ताकद जाते, स्पीकरचा आवाज फिरून माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. मग सगळा हॉल कानावर हात ठेवून त्या बिचाऱ्याकडे बघतो. त्याला वाटतं आपला आवाजच वाईट. खरं तर कुणीतरी जवळ जाऊन त्याची मूठ दोन बोटं खाली सरकवायची असते, एवढंच. आणि मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर, माइकच्या पाठीमागच्या दिशेला ठेवायचा, खालचा घुमारा मिक्सरवर कापायचा, इको हात राखून घालायचा. इको जास्त घातला की गाणाऱ्याला बरं वाटतं, पण ऐकणाऱ्याला शब्द कळत नाहीत.

पडद्याचं दुखणं तर मला फार उशिरा उमगलं. स्मार्ट टीव्ही चित्र सुबक करण्यात क्षणाचा काही अंश घालवतो. सिनेमा बघताना ते जाणवत नाही, कारण टीव्ही आवाजही तेवढाच मागे ठेवतो. पण आपण आवाज लॅपटॉपवरून थेट मिक्सरला घेतो आणि चित्र टीव्हीला देतो. झालं, शब्द ट्रॅकच्या मागे. जो पाठ गातोय त्याला फरक पडत नाही, जो वाचून गातोय तो प्रत्येक ओळीला उशिरा उचलतो आणि सगळ्यांना वाटतं याला तालाचं अंग नाही. टीव्ही गेम मोडवर टाकला की बराचसा प्रश्न मिटतो. ब्लूटूथच्या स्वस्त माइकचं त्याहून वाईट. तोंडातून निघालेला सूर स्पीकरमधून कानाला जाणवण्याइतका उशिरा येतो, आणि कसलेला गायकही त्यात अडखळतो. शिवाय बाजारात मिळणाऱ्या ट्रॅकवरचे शब्द बहुतेक रोमन लिपीत असतात. साठीतल्या माणसाला धावत्या ट्रॅकबरोबर रोमन अक्षरांतलं हिंदी वाचायला लावणं हा छळ आहे. मराठी भावगीतं आणि अभंग यांचे ट्रॅक तर हिंदीच्या मानानं कमीच. मोठ्या टाइपात देवनागरी शब्द छापून प्लास्टिकच्या पाकिटांत घातलेली जाड फाइल ठेवणं, हे मला टीव्हीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

पण माझं घोडं अडलं होतं ते या कशाहीपेक्षा पट्टीपाशी. ट्रॅकची पट्टी ठरलेली, आणि गळा मात्र प्रत्येकाचा वेगळा.

कराओके कुठून आलं ते वाचत होतो, तेव्हा या प्रश्नाची उकल झाली. जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोऊये नावाचे वादक होते. बारमध्ये आलेल्या गिऱ्हाइकांना गायचं असे, आणि हे त्यांना कीबोर्डवर साथ करत. त्यांना नोटेशन वाचता येत नव्हतं. ते गाणाऱ्याकडे बघत आणि तो जिथे जाईल तिथे त्याच्या मागे जात. त्यामुळे यथातथा गाणाऱ्यांचे ते फार आवडते होते. एका कंपनीच्या मालकाला सहलीला जाताना यांची साथ हवी होती, पण यांना जाणं शक्य नव्हतं. तेव्हा त्यांनी त्या माणसाच्या गळ्याला आणि चालीला जमेल अशी साथ टेपवर वाजवून दिली. त्यातून १९७१ मध्ये त्यांनी गाडीतला टेप, अ‍ॅम्प्लिफायर, माइक आणि नाणं टाकायची पेटी जोडून यंत्रं तयार करवून घेतली, आणि ती विकण्याऐवजी भाड्याने दिली. पहिली खेप अकरा यंत्रांची होती. पेटंट त्यांनी घेतलंच नाही. तोक्योच्या शिगेइची नेगिशी यांनी त्याआधी, १९६७ मध्ये, असंच यंत्र बनवलं होतं, आणि फिलिपिन्समध्ये रोबेर्तो देल रोसारिओ यांनी पुढे आपल्या यंत्राचं पेटंट मिळवलं. पहिला कोण हा वाद त्या त्या लोकांनी घालावा. मला त्या टेपची गोष्ट महत्त्वाची वाटते. पहिली टेप एका विशिष्ट माणसासाठी होती. साथ करणारा त्याला ओळखत होता. यंत्र हजारोंसाठी झालं आणि ही ओळख गेली. ट्रॅक कुणाचीच वाट बघत नाही.

आपल्याकडे साथीला केवढा मान आहे बघा. भजनात बुवा एखादी ओळ अचानक परत घेतात, तेव्हा पखवाज आणि पेटी त्यांच्याबरोबर मागे येतात. नवखा गाणारा पट्टीच्या बाहेर चालला तर पेटीवाला दोन सूर ठसठशीत दाबून त्याला जागेवर आणतो, आणि हे चौथ्या रांगेतल्या माणसाला कळतही नाही. गाणाऱ्याची अब्रू राखायची हे साथ करणाऱ्याचं निम्मं काम असतं. कराओकेत तो पेटीवाला नाही, आणि त्याचं काम मात्र शिल्लक आहे. ते कुणी करायचं? माझ्या मते ते साउंडवाल्याच्या गळ्यात पडतं. आणि हे स्वीकारायची तयारी नसेल तर कराओके ठेवू नये.

मागच्या दिवाळीत एका शाळेच्या जुन्या बॅचचा मेळावा होता. आमचं काम साउंडपुरतं. मुलांनी, म्हणजे आता पंचेचाळिशीतल्या बाप्यांनी, आपल्या निवृत्त बाईंना गायचा आग्रह केला. वर्गात प्रार्थनेनंतर त्या गायच्या, ते सगळ्यांच्या लक्षात होतं. कुणीतरी मोबाइलवर ट्रॅक शोधला आणि भाच्याकडे दिला. बाई उभ्या राहिल्या, पदर सारखा केला, माइक दोन्ही हातांत धरला. वाद्यांचा तुकडा वाजून गेला आणि उचलायची जागा हुकली. ट्रॅक आपला पुढे. बाईंनी मधेच धरायला बघितलं, तर सूर एवढा उंच की आवाज फाटला. हॉल गप्प झाला. भाच्याने ट्रॅक थांबवला, दुसरा माइक उचलला आणि म्हणाला, "बाई, माफ करा, आमच्याकडून ट्रॅक चुकीच्या पट्टीत लागला. परत लावतो." मग पट्टी काळी चारवरून काळी तीनवर आणली, मिक्सर सोडून त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला, आणि उचलायची वेळ आली तेव्हा मान हलवून खूण केली. बाई अख्खं गाणं गायल्या. मधलं कडवं विसरल्या तेव्हा मुलांनी खालून धरलं.

काळी चारवरून काळी तीन म्हणजे अवघे दोन अर्धे सूर. सॉफ्टवेअरमध्ये दोनदा बटण दाबायचं काम. तीन-चारच्या पुढे गेलं की ट्रॅक बेगडी वाटायला लागतो, पण बहुतेक माणसांचं दोनात भागतं. हिंदी युगुलगीतांत तर पुरुषांना हमखास हे लागतं, कारण त्या गाण्यांची पट्टी गायिकेच्या गळ्याकडे झुकलेली असते. हे बटण आमच्या लॅपटॉपवर पहिल्यापासून आहे. ते कधी दाबायचं हे ज्याला गाणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतं, असा माणूस बटणाबरोबर येत नाही. माझ्या भाच्यात तो गुण आहे हे त्या दिवशी दिसलं. पण एका हाताने डॉल्बी सांभाळायची आणि दुसऱ्याने हे करायचं, असं दर वेळी जमणार नाही.

आता तर मूळ गाण्यातून गायकाचा आवाज वेगळा काढणारी सॉफ्टवेअर आली आहेत. इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या डीझर कंपनीने २०१९ मध्ये असं एक सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं, आणि आता डीजेच्या सॉफ्टवेअरमध्येही चालू गाण्यातून आवाज बाजूला करता येतो. त्यामुळे कुठल्याही गाण्याचा ट्रॅक मिळेल हे खरं. पण मूळ वादकांचा वेग, मूळ गायकाची पट्टी आणि मूळ घाई तशीच राहते. सुरुवातीला हौशी माणसासाठी मुद्दाम बनवलेला, मधे थोडी जागा सोडणारा साधा ट्रॅक जास्त उपयोगी पडतो, असं माझं मत झालंय.

हक्कांचा मुद्दाही टाळता येत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभांना सूट आहे, आणि त्यात लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित इतर समारंभ धरलेले आहेत. केंद्राने २०२३ च्या जुलैमध्ये सूचना काढून त्याची आठवणही करून दिली होती. पण कंपनीचं स्नेहसंमेलन, निरोप समारंभ, तिकीट लावलेला कार्यक्रम हे काही लग्न नव्हे. कराओकेत मूळ रेकॉर्ड वाजत नसली तरी चाल आणि शब्द कवी-संगीतकारांचेच असतात. त्या हक्कांचं काम १९६९ पासून आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था बघते. ज्यांच्या गाण्यांवर आपली चूल पेटते त्यांचा वाटा त्यांना पोचावा, असं मला वाटतं. म्हणून अशा कार्यक्रमांच्या ऑर्डरीत परवाना कुणी काढायचा, ते आधीच लिहून घ्यायचं.

तर ठरलं ते असं. कराओके ठेवायचं, पण डॉल्बीच्या पॅकेजात फुकट घालायचं नाही. "त्यातच कराओके घाला की" असं म्हणणाऱ्याला मी नम्रपणे नाही म्हणणार आहे, कारण फुकट घातलेल्या गोष्टीसाठी वेगळा माणूस ठेवता येत नाही, आणि माणसाशिवाय हे काम करायचं नाही हीच माझी अट आहे. वराती, हळदी आणि मिरवणुकांना अजिबात नाही. एकसष्टी, पंच्याहत्तरी, निरोप समारंभ, मेळावे, सोसायटीची कोजागरी यांना हो. दोन बऱ्यापैकी कॉर्डलेस माइक, दोन मॉनिटर आणि देवनागरी शब्दांची फाइल, एवढाच नवा खर्च. एवढा खर्च आम्हाला झेपतो. नवीन लाइटचा सेट यंदा नको, असं ठरवून टाकलं.

आणि माणूस मिळाला. आमच्या पेठेतल्या भजनी मंडळात पेटी वाजवणारे मास्तर. उमेदीत ऑर्केस्ट्रात होते. ट्रॅक आले, ऑर्केस्ट्रा बंद पडला, आणि त्यानंतर त्यांनी शिकवण्यांवर दिवस काढले. ज्या ट्रॅकनी त्यांचं काम गेलं त्याच ट्रॅकच्या टेबलावर या, असं त्यांना सांगायला मला जड गेलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "लॅपटॉप शिकवा मला, ते येईल. पण गाणाऱ्याने माइकला हात लावायच्या आधी मला त्याच्याशी दोन मिनिटं बोलू द्या. माणूस बोलायला लागला की त्याची पट्टी कळते." भाच्याने लगेच विचारलं, "मास्तर, आणि नाव दिलं पण ऐनवेळी घाबरला तर?" मास्तर म्हणाले, "मग मी त्याच्याबरोबर हळू गाईन. माझा माइक तू बारीक ठेव."

म्हणून आता कोटेशनमध्ये एक ओळ वाढवली आहे: स्टेजच्या डाव्या अंगाला एक टेबल आणि दोन खुर्च्या, गाणाऱ्यांना आधी बसून बोलता येईल अशा जागी, कार्यालयाने द्याव्यात.